पाहुणा उत्तरेला असताना

बामगोल, १३ जानेवारी

ताई,

वीस तारखेला तू आणि भाऊजी गाडी घेऊन येणार आणि आईला वसंत लागेपर्यंत देजॉनला नेणार, हे मला आईकडून कळलं. तू मला सांगितलं नाहीस याचं वाईट वाटून घेत नाही. माझं लग्न झाल्यापासून तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र उचलावं लागत नाही, पोस्टमन दारात टाकून जातो.

आईला नेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ती तुझीही आई आहे. तुझ्याकडे बटण दाबलं की जमीन तापते आणि दवाखाना दाराशी आहे, हे तिनं मला दोनदा ऐकवलं. जाणार का, असं विचारलं की म्हणते, बघू. बॅग मात्र भरून दाराशी ठेवली आहे. बॅगेला कोणी हात लावलेला तिला चालत नाही.

तुझा निरोपही तिनं जसाच्या तसा सांगितला. लाकडाच्या बॉयलरवर म्हातारीचा जीव टांगून ठेवायचा नाही, ऐन गारठ्यात तो बंद पडला तर काय करणार? ताई, तू म्हणतेस ते चूक नाही. पण बॉयलर नीट चालला आहे. ओढा तळापर्यंत गोठला असला तरी घरातली जमीन ऊबदार आहे. दुपारी आई आपल्या नेहमीच्या जागेवर पडते आणि उठते तेव्हा तिचे गाल लाल झालेले असतात. सकाळची पहिली लाकडं लुआ घालते. तिचं नाव तुला ऐकायला आवडत नाही, पण ते टाळून या घराबद्दल आता काहीच लिहिता येत नाही. तेव्हा एकदाच नीट लिहितो: लुआ, माझी बायको, आईची सून. यापुढे नुसतं लुआ लिहीन.

प्रार्थनाघरात रविवारी आम्ही नऊ जण होतो. फादर पुढच्या पंधरवड्यात येणार आहेत, तोवर वाचन आणि प्रार्थना मीच चालवतो. तुम्हा दोघांची नावं मी नेहमी घेतो.

ग्यूह्वान


बामगोल, १७ जानेवारी

ताई,

मागच्या पत्रात बॉयलर नीट चालला आहे असं लिहिलं. ते लिहीत होतो तेव्हाच पंप कुरकुरत होता. काल सकाळी तो बंद पडला.

हे तुला कळवलं नसतं तर चाललं असतं. आता सगळं ठीक आहे, आणि हे वाचून आईला न्यायला तुला आणखी एक कारण मिळेल हे मला कळतं. पण काल या घरात जे झालं ते न कळवता आईला तुझ्या गाडीत बसवावं, हे मला बरं वाटत नाही. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

तू गेलीस तेव्हा बॉयलर तेलाचा होता आणि स्वयंपाकघराला लागून होता. आता लाकडाचा आहे. तो घराच्या मागे, उत्तरेकडच्या पडवीत आहे. त्यातलं तापलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून फिरवून परत आणायचं काम पंप करतो. एवढासा असतो, मोठ्या नासपतीएवढा. लुआ म्हणते नारळाएवढा. तो थांबला की पाणी जागच्या जागी राहतं. खाली आग असते, त्यामुळे बॉयलरमधलं पाणी उकळतं आणि घरातलं गार होत जातं. काल लुआ पाहायला गेली तेव्हा पडवीच्या छपरावर वाफेचा लोट होता. तिनं मला हाक मारली नाही. आधी फावडं घेतलं आणि सगळी आग ओढून बर्फात टाकली. मी पोहोचलो तेव्हा ती काळ्या चिखलात उभी होती आणि निखारे चुरचुरत होते.

जमिनीखालचे ते पाइप कोणाचे आहेत हे मला तुला सांगायला नको. तू कापडगिरणीत लागलीस आणि तुझ्या पगारातून, चुलीच्या धुरानं तापणाऱ्या जुन्या जमिनीच्या जागी हे पाइप बसले. तुझी शाळा सुटली, माझी इथल्या इथे पुरी झाली. काल बाहेर उणे अठरा होतं. एक रात्र कशीबशी निघाली असती, दुसरी नाही. पाणी गोठून पाइप फुटले असते तर सगळी जमीन उकरावी लागली असती, आणि मग वीस तारखेची वाट न पाहता मीच आईला तुझ्याकडे आणून सोडलं असतं.

सोक मिस्त्रीला फोन केला. अशा थंडीत अर्ध्या तालुक्याचे पाइप गोठलेले, त्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता. म्हणाला, परवा येतो. मग मी बाजाराच्या गावी जाऊन नवा पंप घेऊन आलो. दुकानदारानं कसा बसवायचा ते समजावून सांगितलं, आणि बायको बरोबर असेल तर भांडण आधी उरकून घ्या, कारण पाना धरताना वेळ मिळत नाही, असंही सांगितलं.

घरी आलो तर आई मागच्या दारात, आपली टेकून चालायची ढकलगाडी आडवी लावून उभी. हातात भिंतीवरचं कॅलेंडर.

काल चांद्र महिन्याची सतरा तारीख होती, ताई. तुझ्या शहरात कोणी पाहत असेल की नाही, ठाऊक नाही. आईनं बोटांवर मोजत मला पुन्हा सगळं ऐकवलं. तारखेचा शेवटचा आकडा धरायचा: एक आणि दोनला पाहुणा, म्हणजे माणसांना छळत फिरणारं ते अदृश्य भूत, पूर्वेला बसतो, तीन-चारला दक्षिणेला, पाच-सहाला पश्चिमेला, सात-आठला उत्तरेला. नऊला आणि दहाला तो वर आभाळात जातो, तेव्हा काय ठोकायचं ते ठोका. आज सतरा म्हणजे सात, उद्या आठ. तो उत्तरेला बसला असताना उत्तरेकडचं काही उघडायचं नाही. बाबांनी त्या भिंतीत खिळा ठोकला आणि चार दिवस तापानं फणफणले, तेही आलंच. वर ती म्हणाली, बघ, मिस्त्रीसुद्धा परवा येतो म्हणाला, म्हणजे एकोणिसाला. त्याला कळतं.

मी तिला समजावायला लागलो. इतकी वर्षं प्रार्थनाघरात पुढे उभा राहून बोलतो, त्यामुळे समजावायची सवय लागली आहे. म्हटलं, आई, तू सकाळ-संध्याकाळ माळ जपतेस. अशा गोष्टींना भ्यायचं नसतं, असं फादर किती वेळा म्हणाले.

"फादर पंधरवड्यातून एकदा येतात," आई म्हणाली. "पाहुणा रोज कुठे ना कुठे असतोच."

जमीन अजून कोमट होती, पण मोजे काढले तर ती गार होत चालल्याचं कळत होतं. आईला उचलून बाजूला ठेवता आलं असतं, तिचं वजन ते केवढं. पण त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्याच दारातून उचलून बाजूला करणारा मुलगा मला व्हायचं नव्हतं.

लुआ चुलीपाशी मुळा चिरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आई, उत्तर कुठून मोजायची?"

"म्हणजे काय? मी बसते तिथून. घरात मोठी कोण आहे?"

"तुम्हीच."

"मग?"

लुआनं सगळा मुळा चिरून पातेल्यात टाकला, हात धुतले आणि आईसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आपलं प्रार्थनाघर पडवीच्याही वर आहे, चढावर. तुम्ही तिथे जाऊन बसलात तर पडवी तुमच्या दक्षिणेला येईल. दक्षिणेला आज कोणी नाही."

आईनं हातातल्या कॅलेंडरकडे पाहिलं. मला वाटलं, रागावली. मग ती म्हणाली, "पण तिथे जायचं म्हणजे उत्तरेकडेच चालायचं. त्याच्या तोंडात."

"रोज सकाळी जाता तेव्हा?"

"तेव्हा मी माळ जपायला जाते. आज काम करून घ्यायला चाललेय. त्याला फरक कळतो." आणि मग आईनंच उपाय काढला. पश्चिमेकडून ओढ्याच्या कडेनं उतरायचं, गावातल्या भातगिरणीवाल्यांच्या बांधावरून वळायचं आणि प्रार्थनाघराला मागच्या बाजूनं वर चढायचं. म्हणजे शेवटची चाल दक्षिणेकडे होते. मी म्हटलं, एवढ्या बर्फात ढकलगाडी चालणार नाही. तर लुआ कोठीतून ते लाल रबरी घमेलं घेऊन आली, ज्यात आपण दर वर्षी किमचीचे कोबी मिठात घालतो. त्यात गोधडी घातली, आईला बसवलं, वरून दुसरी गोधडी गुंडाळली आणि कडीला दोर बांधला.

ताई, काल तुझी आई कोबीच्या घमेल्यात बसून गावाला वळसा घालत गेली. पुढे लुआ दोर ओढत होती, मागून मी ढकलत होतो आणि आई दिशा सांगत होती. "जरा पश्चिमेला घे. एवढं नको, ओढ्यात घालशील." बांधावर गिरणीवाल्यांची म्हातारी भेटली, तिनं विचारलं, कुठे निघालात. आई म्हणाली, "पंप बदलायला." एवढी खूश मी तिला किती तरी दिवसांत पाहिली नव्हती.

प्रार्थनाघरात रॉकेलचा स्टोव्ह पेटवून तिला खुर्चीत बसवलं. पडवीचं छप्पर खिडकीतून दिसत होतं. आईनं सूर्य कुठे आहे ते पाहिलं, खुर्ची थोडी सरकवून घेतली आणि म्हणाली, "आता बसले मी. जा."

काम अवघड नव्हतं, गारठ्यानं अवघड केलं. दोन्ही बाजूंचे कॉक बंद केले, वीज काढली, जुना पंप सोडवला. आतला गाळ चहासारखा तांबडा होता. लुआनं पाइपाची तोंडं चिंधीनं पुसली, नवे वॉशर बसवले, आणि पंपावरचा बाण पाण्याच्या वाटेनं आहे ना ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. आग घातली, पाणी तापू दिलं, पंप सुरू केला. तो नुसता गुणगुणला. बॉयलरकडचा पाइप हाताला चटका देत होता आणि पंपापलीकडचा थंडगार. मी बंद करून पुन्हा लावला. तेच.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते तुला सांगतो, कारण फादरांना सांगायला मला जड जाईल. मी प्रार्थनाघराच्या खिडकीकडे पाहिलं. आई खुर्चीत आहे ना, उठून फिरत तर नाही, हे पाहिलं. आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"हवा धरलीय," लुआ म्हणाली. तिच्या वडिलांची कोळंबीची तळी होती आणि तळ्यावर अशाच मोटारी, हे मला माहीत होतं, पण ती त्याबद्दल फारसं बोलत नाही. तिनं पंपाच्या मधला मोठा स्क्रू हळूच सैल केला. आधी फुसफुस झाली, मग थेंब आले, मग धार. मग ती घरात गेली. सगळ्या खोल्यांचे कॉक बंद करून तिनं एकेक खोली उघडली आणि प्रत्येकीतली हवा काढली. मी पडवीत पाइपावर हात ठेवून उभा होतो. पलीकडचा पाइप आधी कोमट झाला, मग गरम झाला. मी देवाचे आभार मानले. लुआचे मानले का, हे संध्याकाळपर्यंत आठवेना, म्हणून पुन्हा मानले.

आईला आणायला गेलो तर तिथे पाच-सहा बायका जमलेल्या. कोणी भाजलेली रताळी आणलेली, कोणी जवाचं गरम पाणी. आई त्यांना दिशा समजावत होती. गिरणीवाल्यांची म्हातारी म्हणाली की तिच्या सुनेला असं काही सुचलं नसतं, ती सरळ मिस्त्री बोलावते. आई म्हणाली, "अशी सून प्रत्येकीच्या नशिबी नसते."

संध्याकाळी ती जमिनीवर पडली असताना मी विचारलं, आई, खरं सांग, दिशा अशी बदलते यावर तुझा विश्वास बसला का? ती डोळे मिटूनच म्हणाली, "तू मला समजावत होतास. तिनं मला विचारलं."

आज दिवसभर मी हे वाक्य मनात घोळवतो आहे. लुआ तिच्या उष्ण देशातून इथे आली तेव्हा तिनं बर्फ पाहिलेला नव्हता. जमिनीवर पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा खाली काही तरी जिवंत आहे म्हणून दचकली होती. तू आमच्या लग्नाच्या वेळी तिच्याबद्दल जे बोललीस ते मी कधी लिहिणार नाही, आणि ते तू माझ्या काळजीनं बोललीस हे मी तिला सांगितलं आहे. ती एवढंच म्हणाली होती की मोठ्या बहिणीनं असंच बोलायचं असतं.

तर पंप बंद पडला होता, ताई. तुझी भीती खोटी नव्हती. वीस तारखेला ये, आणि काय करायचं ते तू ठरव. आईसुद्धा हेच म्हणते.

ग्यूह्वान


बामगोल, २२ जानेवारी

ताई,

परवा तू आलीस तेव्हा आपलं फार बोलणं झालं नाही. म्हणून जे मी पाहिलं ते लिहितो. त्यातलं निम्मं तुला माहीत नाही, कारण तू झोपली होतीस.

भाऊजींनी आल्या आल्या बूट काढले आणि थाळीतल्या भाजलेल्या रताळ्यांपाशी बसले. देवानं त्यांना सरळ मन दिलं आहे. तू अंगणातच उभी राहिलीस. आईनं दारातून सांगितलं, "मी तयार आहे. तू म्हणशील तसं." बॅग तिच्या पायाशी होती. लुआ आतल्या खोलीत होती, तू बोलावल्याशिवाय ती बाहेर येणार नव्हती. मला वाटत होतं, आता बॅग गाडीत जाणार.

तू म्हणालीस, "पत्र मिळालं." आणि घराला वळसा घालून मागे गेलीस.

मी तुझ्यामागून आलो नाही, पण कोपऱ्यावरून पाहिलं. तू पडवीत गेलीस, हातमोजा काढलास आणि पंपाच्या अलीकडच्या पाइपाला हात लावलास, मग पलीकडच्या. मग परत येणाऱ्या पाइपाला. तिथे तू खूप वेळ उभी होतीस. तुझ्याच कमाईचे पाइप तू तपासत होतीस, त्यात माझं काही काम नव्हतं.

मग तू आत आलीस, कोट न काढता खिडकीखालच्या कोपऱ्यात बसलीस आणि तळवा जमिनीवर टेकवलास. तो कोपरा पूर्वीपासून गार. हवा काढल्यापासून तिथेही ऊब येते. तू म्हणालीस, "जरा पाठ टेकते," आणि दोन मिनिटांत झोपलीस, तोंड उघडं टाकून, गिरणीतून सुट्टीला यायचीस तेव्हा झोपायचीस तशी.

भाऊजी बोलायला लागले तर आईनं त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. ते हळू आवाजात म्हणाले की देजॉनमध्ये ही रात्र रात्र जागी असते, गोळ्या घेते. हे तू आम्हाला कधी कळू दिलं नाहीस. लुआ आतून गोधडी घेऊन आली. तुझ्या अंगावर घालायच्या आधी तिनं ती जमिनीवर पसरून तापवून घेतली. मग पडवीत जाऊन आणखी लाकडं घातली. दुपारचं जेवण आम्ही चौघांनी स्वयंपाकघरात उभ्यानं उरकलं, भांड्याचा आवाज नको म्हणून. आई एकदाही "उठव तिला" म्हणाली नाही. बॅगेकडेही पाहिलं नाही. मी मात्र पाहत होतो, आणि मनात जी प्रार्थना म्हणत होतो तिचे शब्द पुढेमागे होत होते.

तू उठलीस तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगावरच्या गोधडीची घडी घातलीस. उठून दाराशी गेलीस आणि बॅग उचललीस. ती किती हलकी आहे हे तुझ्या हातावरूनच मला दिसलं. आईनं नंतर कबूल केलं की त्यात एक शाल होती, बाकी काही नाही. तू क्षणभर ती हातात तोलून धरलीस. मग वळलीस, आतल्या खोलीत गेलीस आणि बॅग आईच्या कपाटात ठेवून दार लावलंस. भाऊजींना म्हणालीस, "चला, अंधाराच्या आत निघू."

ताई, एवढा लांबचा रस्ता तुडवून, मनात पक्कं ठरवून आलेल्या माणसाला एका शब्दाशिवाय मागे फिरणं किती कठीण असतं, ते मी जाणतो. मला ते जमलं नसतं. मी निदान एक प्रवचन दिलं असतं.

मी आणि भाऊजी किमचीचे डबे गाडीत ठेवत होतो तेव्हा तू अंगणात लुआशी काही बोललीस. मला ऐकू आलं नाही. तुम्ही वळणापलीकडे दिसेनासे झालात तेव्हा मी तिला विचारलं, ताई काय म्हणाली.

"विचारत होत्या, हा पंप किती वर्षं चालेल."

"तू काय सांगितलंस?"

"दुकानदारानं सांगितलं तेच. नीट सांभाळला तर दहा वर्षं."

आई ढकलगाडीवर रेलून दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि मनात हिशेब केला.

"दहा? एवढं जगायचं माझ्या मनात नव्हतं," ती म्हणाली. "पण नवी वस्तू आणलीत, आता वापरायला नको का?"

ग्यूह्वान